बाराव्या स्लाइडमधला डबा

४ नोव्हेंबर २०२४
नायगाव पश्चिम

फ्लॉसी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता टीव्हीच्या मागे टाकणार, हे गृहीत धरून मी प्रिस्काला आधीच फोन केला. म्हटलं, ममीने वाचलं नाही तर तू मोठ्याने वाच, ती स्वयंपाकघरात असली तरी तिला ऐकू येईल. तुझी मुलगी हसली. म्हणाली, "मामा, नायगाववरून जूचंद्रला पोस्टाने लेटर? यार, रिक्षाने या ना." रिक्षाने अर्धा तास लागतो हे मलाही माहीत आहे. पण रिक्षातून उतरल्यावर दार कोण उघडणार? फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

इकडचं सगळं ठीक. माझ्या फोटो स्टुडिओच्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकतात. माझा उजवा हात थोडा थरथरतो, डॉक्टर म्हणतात एकाहत्तराव्या वर्षी एवढं चालायचंच. विहिरीजवळचं सीताफळ यंदा बरं धरलं आहे.

लिहायचं कारण पापाच्या स्लाइड. पुढचं तुला माहीत आहे, पण वाचणार प्रिस्का, म्हणून तिच्यासाठी लिहितो.

प्रिस्का, तुझा आजा मायकल हा होड्या रंगवायचा. लढाई चालू असताना, बाविसाव्या वर्षी, त्याला रंगारी म्हणून तिकडे कोइमतूरच्या बाजूला नेलं. ब्रिटिश नौदलाची विमानं तिथे दुरुस्तीला यायची. दोनेक वर्षं त्याने विमानं रंगवली आणि परत येऊन पुन्हा होड्या रंगवायला लागला. तिथल्या एका साहेबाकडे कॅमेरा होता आणि त्यात रंगीत फिल्म होती, जी त्या काळी इथे कोणी पाहिलीही नव्हती. लढाई संपल्यावर त्या साहेबाने पोस्टाने एक चपटा डबा पाठवला. पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या बारा स्लाइड. आपल्याकडे प्रोजेक्टर कधीच नव्हता. रविवारी मिस्साहून आलो की पापा डबा काढायचा आणि मी नि फ्लॉसी एकेक स्लाइड खिडकीशी धरायचो. जहाजावर मावावीत म्हणून पंख दुमडलेली विमानं, उन्हात कोंबड्या बसतात तशी रांगेत बसलेली. निळं आभाळ, लाल माती, सगळं काल काढल्यासारखं. बाराव्या स्लाइडमध्ये खुद्द पापा. उघडा, पंखावर ओणवा, हातात ब्रश, गुडघ्याशी रंगाचा डबा.

तर गेल्या आठवड्यात ज्ञानदा नावाची एक मुलगी आली. नायगाव पूर्वेला टॉवरमध्ये राहते, लढाईच्या काळातल्या नौदलाच्या विमानांचे रंगीत फोटो जमवते. प्रदर्शन करायचं आहे म्हणे. आपल्या चर्चच्या स्मरणिकेत तिने पापाच्या स्लाइडबद्दल वाचलं होतं. मी डबा पुढे ठेवला. तिने भिंग काढलं, पहिली स्लाइड बघितली, दुसरी बघितली आणि पुन्हा पहिली उचलली. मग विचारलं, "काका, ह्या पंखावरच्या गोलात लाल कुठून आला?"

मी म्हटलं, असेल तेव्हाचाच. तिने चहा घेतला, सीताफळ नको म्हणाली आणि गेली.

फ्लॉसी, तुला यापुढचं सांगायचं ठरवून बसलो होतो, पण पान संपलं.

लुईस


१३ नोव्हेंबर

फ्लॉसी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

ज्ञानदा परत आली. चिडली वगैरे नव्हती. तिने पुस्तकांतली छापील पानं आणली होती. ब्रिटिश विमानांच्या पंखावर गोल असायचा, बाहेर निळा, आत पांढरा, मधोमध लाल. पण इकडच्या बाजूला लढाई जपानशी. जपानी विमानांवर नुसता लाल गोळा. लांबून लाल दिसला की आपलेच लोक आपल्याच विमानावर गोळ्या झाडायचे. म्हणून इकडे आलेल्या विमानांवरचा मधला लाल रंगाने झाकून टाकायचे. ती म्हणाली, "कुणाला तरी बसून एकेक गोल झाकावा लागला असेल ना." मी मान हलवली.

तू हे वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतंस, तेही पापाच्याच शब्दांत. "तांबडा काडायचा. तांबडा दिसला का आपलेच लोक गोली मारनार."

आता माझं सांगतो. दोन हजार चार साली चर्चच्या हॉलमध्ये जुन्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं तेव्हा स्लाइडवरून मोठ्या प्रिंट काढायचं काम माझ्याकडे होतं. मी डबा उघडला आणि बघितलं, गोल मधे पांढरे. मी आयुष्यभर रंग भरत आलो. काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या नवरीचे ओठ, तिच्या हातातली फुलं, आल्तारामागचा पडदा, सगळं टचिंगच्या ब्रशने. आमच्या धंद्यात जिथे रंग दिसत नाही तिथे तो उडाला असं समजायचं आणि भरायचा. दुकानाच्या काचेत लावलेल्या पोस्टरचा लाल सगळ्यात आधी उडायचा, निळा तेवढा उरायचा. आणि ब्रिटिश विमानात मधे लाल असतो हे लहानपणी बिस्किटाच्या डब्यावर पाहिलेलं. त्यातून बाराव्या स्लाइडमध्ये पापासमोरच्या गोलात थोडा लाल खरोखरच शिल्लक होता. तेवढ्यावर माझी खात्री झाली. प्रिंटवर नाही, मी सरळ स्लाइडवरच रंग भरला. तीन केसांचा ब्रश, डोळ्याला भिंग, श्वास रोखून. गोल केवढा, तर मोहरीएवढा. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात बारीक काम. ज्ञानदाने सांगितलं की ही फिल्म अंधारात ठेवली तर तिचा रंग साठ-साठ वर्षं हलत नाही. मला ते माहीत नव्हतं. दुकानात पंचवीस वर्षं फिल्म विकली आणि माहीत नव्हतं.

ही झाली चूक. चूक माणसाच्या हातून होते.

हॉलमध्ये तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "लुईस, पापा लाल काडीत होता, लावीत नव्हता. डबा बघ ना, पांढरा रंग हाय त्यात." मी काय बोललो तेही लिहितो, कारण प्रिस्का तेव्हा शाळेत होती आणि तिला कोणी सांगितलं नसेल. मी म्हटलं, "पापा शेवटी भ्रमात होता. काय वाट्टेल ते बोलायचा. ही आपली वहीत उतरवून घ्यायची." लोक हसले. आपल्या गावातला मार्सेल सगळ्यात मोठ्याने हसला.

नंतर तीन दिवसांनी मी स्लाइड घेऊन तुझ्या घरी आलो. म्हटलं, प्रिंट मशीन काढतं, मशीनचा काय भरवसा, ओरिजिनल बघ. तू खिडकीशी जाऊन बघितलीस. डबा लाल होता. तू स्लाइड माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "मंग माझंच चुकलं असेल."

डब्याचं नक्की काय झालं ते मला आता आठवत नाही.

लुईस


२१ नोव्हेंबर

फ्लॉसी,

डब्याचं मला आठवतं.

हॉलमधून घरी आलो आणि भिंगातून बघितलं. डब्यातला रंग पांढरा होता. ब्रशच्या टोकालाही पांढरा. तू म्हणत होतीस तसंच. प्रिंट काढताना मी गोलांकडेच बघत होतो, डब्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. तेव्हाच तुला येऊन सांगितलं असतं तर तू चार शिव्या घालून चहा केला असतास आणि विषय मिटला असता.

दोन दिवस मी त्या स्लाइडकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो आणि डबा लाल केला. ब्रशचं टोकही. पहिला रंग मी अडाणीपणाने भरला होता, हा समजून उमजून भरला. सुकायला एक तास ठेवला, तेवढ्यात पाव आणि चहा घेतला आणि मग तुझ्याकडे आलो. प्रदर्शनातली बाराव्या स्लाइडची मोठी प्रिंट नंतर मीच फाडली. लोकांना सांगितलं, वाळवी लागली.

का केलं हे वीस वर्षं स्वतःला वेगवेगळ्या प्रकारे सांगून झालं. लोक हसतील, धंदा बसेल, वगैरे. खरं एवढंच आहे की पापाने ती गोष्ट तुला सांगितली. आठ महिने तू त्याची अंथरुणं बदललीस, त्याला पेज भरवलीस, शाळेत बिनपगारी रजा काढलीस. मी रविवारी केळी घेऊन यायचो आणि अर्धा तास बसायचो. त्याने मला विचारलं तर एवढंच, की दुकान कसं चाललंय. रंगाचा धंदा माझा, आणि जन्मभराची रंगाची एकच गोष्ट त्याने मास्तरणीला सांगून टाकली. मला त्याचा राग आला होता. तुझाही आला होता. अजून लिहिताना थोडा येतो आहे, लपवत नाही.

परवा प्रिस्का फोनवर सहज बोलून गेली. तिच्या मुलाला शाळेतून आजोबा-पणजोबांची माहिती लिहून आणायला सांगितली होती. तो तुझ्याकडे आला तर तू म्हणालीस, माझ्या पापाचं मला काही नीट आठवत नाही, लुईस मामाला विचारा. प्रिस्काला ते विचित्र वाटलं. म्हणाली, "मामा, ममीला तर गावातल्या सगळ्यांच्या पणज्यांची नावं पाठ आहेत."

हे पत्र मी याआधी दोनदा लिहिलं आणि पोस्ट ऑफिसपर्यंत नेऊन परत आणलं. माझ्यामुळे आपलं बोलणं तुटलं एवढंच मला आजवर वाटत होतं. मी तुझ्याकडून पापाच नेला हे मला प्रिस्काच्या फोनपर्यंत कळलं नव्हतं.

तुला सगळं नीट आठवत होतं, फ्लॉसी. शब्दन्‌शब्द.

लुईस


९ डिसेंबर

फ्लॉसी,

तुझं कार्ड मिळालं. पत्ता प्रिस्काच्या अक्षरात आणि मजकूर तुझ्या. चार शब्द. "जिथे बोललास तिथे सांग." माझ्या नावाआधी प्रिय नाही, शेवटी सही नाही. शाळेच्या वहीत शेरा मारावा तसं. मी ते कार्ड फ्रिजवर लावलं आहे.

फादरांना भेटलो. त्यांना वाटलं कन्फेशनसाठी आलो. म्हटलं, ते देवाशी झालं आहे, माझं अडलंय ते लोकांशी. काल मिस्सानंतर हॉलमध्ये चहा असतो तेव्हा त्यांनी मला दोन मिनिटं दिली. साठ-सत्तर माणसं असतील. दोन हजार चारला होते त्यातले निम्मे कबरस्तानात गेले, निम्म्यांना ऐकू येत नाही. तरी मी माईक धरून सांगितलं. पापा लाल काढायचा. फ्लॉसी खरं बोलत होती. स्लाइडमध्ये लाल मी भरला आणि डबा मी नंतर रंगवला, तिला खोटं पाडायला. पापा भ्रमात नव्हता.

मागून टोनीने विचारलं, "कंचा डबा?" तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. एकदा सांगणं कठीण होतं, दुसऱ्यांदा जरा सोपं गेलं. मार्सेल यंदा ऐंशीचा झाला. तो काठी टेकत जवळ आला आणि म्हणाला, "तवा मी लय हसलो होतो ना रे?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "तिला सांग, मार्सेलला आठवतंय." सांगितलं.

हॉलमध्ये भिंतीवर तेव्हाची एक प्रिंट अजून होती, तीन विमानांची, मधे माझे लाल ठिपके. ती उतरवून घरी आणली. खिळा तसाच ठेवला आहे.

आता स्लाइडचं. हा रंग पाण्यात सुटतो. टचिंगला आम्ही तोच वापरायचो, चुकलं तर धुता यावं म्हणून. ज्ञानदाने आधी कोणा जाणकाराला विचारून घेतलं, मग आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर बसलो. बशीत डिस्टिल्ड पाणी, त्यात स्लाइडची फिल्म चौकटीतून काढून सोडायची, थांबायचं, पाणी बदलायचं. हात थरथरतो म्हणून चिमटा तिच्याकडे आणि घड्याळ माझ्याकडे. पाणी फिकट गुलाबी होतं आणि मध्यावरचा पांढरा वर येतो. लाल भरलेल्या सातांपैकी सहा स्लाइड झाल्या. एकीला कोपऱ्यात जरा फोड आला, तिथे नुसतं आभाळ होतं. एकाहत्तराव्या वर्षी मी पापाचं काम करतोय. त्याने पांढऱ्याने झाकून लाल काढला, मी पाण्याने काढतो आहे. त्याला अर्थात पगार मिळायचा.

बारावी बाकी आहे. तिला बुरशी लागली होती, कड नाजूक झाली आहे. ज्ञानदा म्हणते, पाण्यात फुगून वरचा थर निसटला तर पापाचा चेहरा जाईल. दुसरी प्रत कुठेही नाही. धुतली नाही तर चेहरा राहील, पण डबा लाल राहील. आणि त्या गोलातला कुठला लाल आधीचा आणि कुठला माझा, हे भिंगाखालीही आता ओळखू येत नाही. तेवढं काम मी तेव्हा चांगलं केलं होतं.

हे मी ठरवणार नाही. वीस वर्षांपूर्वी तुला न विचारता ठरवलं, तेवढं पुरे. काय करू ते कळव. एका शब्दात कळवलंस तरी चालेल, दर वेळी चार शब्दांची चैन तुला परवडेल असं नाही.

लुईस


१९ डिसेंबर

प्रिय फ्लॉसी,

"धू" एवढाच शब्द आला, तोही कार्डाच्या मधोमध. खाली बारीक अक्षरात, "चेहरा मला माहीत आहे." ते मी दोनदा वाचलं.

काल सकाळी धुतली. ज्ञानदा साडेनऊला आली. पाणी तिने थंड ठेवलं होतं, थर फुगू नये म्हणून. आधी डबा सुटला. तीन-चार मिनिटांत लाल विरघळत गेला आणि आत पांढरा रंग दिसला, कडेवरून थोडा ओघळलेला. मग ब्रशचं टोक. पापाचा चेहरा हलला नाही. डाव्या कोपराशी थोडा थर सुटला, कोपर गेलं. बाकी तो जसाच्या तसा आहे, जीभ दातांत धरून बसलेला. काम करताना तो जीभ अशी धरायचा हे मी विसरलो होतो.

मग गोल. एका बाजूचा लाल गेला, दुसऱ्या बाजूचा जाईना. पाणी बदललं. पुन्हा बदललं. पाणी आता स्वच्छ राहत होतं आणि गोलाचा डावा अर्धा तसाच लाल. म्हटलं, तिथे मी रंग जास्त मुरवला असणार, आता निघणार नाही. कापूस घेऊन घासायला गेलो तर ज्ञानदाने माझं मनगट धरलं. म्हणाली, "काका, थांबा. तो तुमचा नाहीये."

मी खुर्चीत बसलो. तिने फिल्म सुकायला टांगली आणि चहाचं तीच बघायला आत गेली, कारण मला रडू आलं होतं आणि तिला ते कळलं होतं.

प्रदर्शनासाठी तिने सगळ्या स्लाइडची नक्कल उतरवून घेतली आहे. बाराव्या स्लाइडखाली काय लिहायचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, ते माझी बहीण सांगेल. तिच्याकडे वही आहे. वही अजून आहे ना? तिचा नंबर प्रिस्काला दिला आहे.

मूळ स्लाइड या पाकिटात आहे. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवली आहे, सांभाळून काढ. ती आता तुझ्याकडेच राहू दे. प्रिस्काच्या मुलालाही दाखव, त्याला शाळेत लिहून न्यायचं होतं. दिव्यासमोर धरू नको, सकाळी खिडकीशी धर, आपण धरायचो तशी. आधी डबा बघ. मग पापाचा हात बघ, मग गोल. उजवीकडे पांढरा आहे, डावीकडे लाल.

साहेबाने फोटो घेतला तेव्हा पापाचा तो लाल अजून काढायचा राहिला होता.

तुझा
लुईस